गोलांच्या दुष्काळाची कैफियत

1984 सालच्या डिसेंबर महिन्यात सिंगापूर येथे भरलेल्या आशिया चषक स्पर्धेत भारताचा फुटबॉल संघ चार सामने खेळला आणि त्या चार सामन्यांत मिळून त्याला एकदाही प्रतिपक्षाच्या जाळ्यात चेंडू घालता आला नाही. त्यानंतर एकोणचाळीस वर्षे लोटली, खेळाडूंच्या पिढ्या आल्या आणि निवृत्त झाल्या, प्रशिक्षक बदलले, स्पर्धांची नावे बदलली, आणि 2024 च्या जानेवारीत कतार येथे त्याच स्पर्धेत ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान व सीरिया यांच्याशी तीन सामने खेळून, सहा गोल स्वीकारून आणि एकही न करता, भारतीय संघ पुन्हा रिकाम्या हातांनी परतला. या दोन शून्यांच्या निमित्ताने जी चर्चा झाली ती ज्यांनी लक्षपूर्वक ऐकली असेल, त्यांना एक गोष्ट जाणवल्यावाचून राहिली नसेल, ती ही की वादी-प्रतिवादी जरी नवे असले, तरी फिर्याद जुनीच होती. आघाडीचा खेळाडू कच्चा, प्रशिक्षक भित्रा, शरीरयष्टी तोकडी, निवड पक्षपाती, हे चार मुद्दे आपल्याकडे पाऊणशे वर्षे आलटून पालटून मांडले जात आहेत, आणि प्रत्येक पराभवानंतर त्यांपैकी एकाला दोषी ठरवून खटला निकालात काढण्याचा शिरस्ता पडून गेला आहे.

ज्या खेळाची लोकप्रियता आपल्या मुलखात कोल्हापूर, मुंबई आणि शेजारचा गोवा एवढ्यापुरतीच खऱ्या अर्थाने खोल गेलेली आहे, त्याच्या राष्ट्रीय संघाला गोल का होत नाहीत याची चिंता मराठी वाचकाने कशासाठी वाहावी, असे कोणी विचारील. परंतु ज्याने कोल्हापुरात पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ यांच्या सामन्याच्या दिवशी शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर उभ्या राहिलेल्या गर्दीत स्वतःला झोकून दिले आहे, आणि सामना शून्य-शून्य सुटल्यावर पेठेतल्या कट्ट्यावर मध्यरात्र उलटेपर्यंत चालणारी मीमांसा ऐकली आहे, त्याला हा प्रश्न परका वाटणार नाही. गोल न होणे ही या खेळातली सर्वांत मोठी व्यथा आहे, आणि त्या व्यथेचे कारण शोधण्याची माणसाची धडपड हा स्वतंत्र इतिहासाचा विषय आहे. तो इतिहास आपल्यापुरता 1948 सालापासून सुरू होतो.

त्या वर्षी 31 जुलै रोजी, लंडनच्या पूर्वेस असलेल्या इलफर्ड येथे, स्वतंत्र भारताचा संघ ऑलिंपिकमधला आपला पहिला सामना फ्रान्सशी खेळला. संघातील बहुतेक खेळाडू अनवाणी होते. फ्रान्सने पहिला गोल केला, सारंगपाणी रामन यांनी सत्तराव्या मिनिटाला बरोबरी साधली, आणि सामना संपत आलेला असताना फ्रान्सने दुसरा गोल करून तो 2-1 असा जिंकला. इतका तपशील अनेकांना ठाऊक असतो. परंतु त्या सामन्यात भारताला दोन पेनल्टी मिळाल्या होत्या आणि त्या दोन्ही वाया गेल्या, त्यांपैकी एक शैलेन मन्ना यांच्यासारख्या कसलेल्या खेळाडूकडून, ही गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नाही. लंडनच्या लोकांनी अनवाण्या पायांचे कौतुक केले आणि मायदेशी परतल्यावर त्याच पायांवर दोषारोप झाला. माझ्या मते हा आरोप पुराव्यावर टिकणारा नाही. जो संघ फ्रान्ससारख्या देशाच्या पेनल्टी क्षेत्रात इतक्या वेळा शिरतो की पंचाला दोनदा त्या खुणेकडे बोट दाखवावे लागते, त्या संघाच्या पायांत बूट नव्हते म्हणून त्याला वाट सापडली नाही असे म्हणता येत नाही. वाट सापडली होती; शेवटचा फटका चुकला होता. या दोन गोष्टींतला भेद त्या वेळी केला गेला असता, तर पुढची कित्येक वर्षे वाचली असती.

तसे झाले नाही. 1950 च्या विश्वचषकातून भारताने माघार घेतली, तिचे कारणही अनवाणी खेळण्यावर घातलेली बंदी हेच असल्याची कथा घरोघर पोहोचली, वास्तविक त्या काळच्या आपल्या महासंघाला ऑलिंपिकपुढे विश्वचषकाचे महत्त्व वाटत नव्हते हे अधिक खरे कारण आहे. पुढच्याच वर्षी, 1951 च्या मार्चमध्ये दिल्लीत पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धा भरल्या, तेव्हा इंडोनेशिया आणि अफगाणिस्तान यांना प्रत्येकी तीन गोलांनी हरवून आणि अंतिम सामन्यात मेवालाल यांच्या एकमेव गोलावर इराणला नमवून भारताने सुवर्णपदक मिळवले. आता पायांविषयीची तक्रार थांबली. मग 1952 च्या जुलैमध्ये हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये, तिथल्या थंडीत, युगोस्लाव्हियाने भारताचा 10-1 असा धुव्वा उडवला आणि तक्रार पुन्हा दप्तरातून वर आली. यावेळी महासंघाने बूट सक्तीचे करण्याचा हुकूम काढला. दहा गोल स्वीकारणे हा प्रथम बचावाचा आणि मग आखणीचा पराभव असतो, परंतु फैसला मात्र पुन्हा पायांविरुद्ध झाला. बूट घालणे योग्यच होते, ओल्या मैदानावर ते अपरिहार्य होते, याविषयी मतभेद नाही. मतभेद आहे तो एवढाच की एका खऱ्या पण दुय्यम कारणाने मुख्य कारणाला तब्बल चार वर्षे झाकून ठेवले.

मुख्य कारण समजून घेण्यासाठी थोडे मागे, आणि थोडे दूर, जावे लागेल. इंग्लंडमध्ये पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात गोलांचे प्रमाण इतके घटले की प्रेक्षक कंटाळू लागले. न्यूकॅसलचा बचावपटू बिल मॅक्रॅकन याच्यासारख्यांनी ऑफसाइडचा सापळा रचण्याची कला अशी काही सिद्ध केली होती की आघाडीचे खेळाडू मैदानाच्या मध्यावरच अडकून पडत. त्या वेळी तिथेही वाद झाला, आघाडीपटूंच्या कौशल्याचा ऱ्हास झाल्याची ओरड झाली. परंतु नियमांच्या रक्षकांनी आघाडीपटूंवर ठपका ठेवला नाही, तर 1925 साली ऑफसाइडचा नियमच बदलला, आणि चेंडू पुढे दिला जाताना आघाडीपटूसमोर तीनऐवजी दोन प्रतिपक्षी असले तरी पुरे, अशी तजवीज केली. परिणाम असा झाला की इंग्लंडच्या पहिल्या विभागात 1924-25 च्या हंगामात 1192 गोल झाले होते, ते 1925-26 मध्ये 1703 झाले. एका उन्हाळ्यात पाचशेहून अधिक गोलांची भर पडली, आणि खेळाडू बव्हंशी तेच होते. अर्थात बचाव करणारेही स्वस्थ बसले नाहीत. हर्बर्ट चॅपमन यांच्या आर्सेनलने मधल्या खेळाडूला मागे ओढून तिसरा बचावपटू उभा केला आणि त्यातून नवी रचना जन्माला आली. या प्रकरणातून निघणारा निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो: गोल हे एका माणसाच्या पायातून निघत असले, तरी ते अकरा माणसांच्या मांडणीतून निर्माण होतात, आणि मांडणी बदलली की तोच माणूस गोल करू लागतो किंवा करेनासा होतो. आपल्याकडे मात्र नियम नवा आणि मांडणी जुनी अशी स्थिती बराच काळ टिकली; इंग्लंडने सोडून दिलेली दोन बचावपटूंची रचना आपल्या संघांनी पुढेही वर्षानुवर्षे उराशी धरली.

ही गोष्ट ज्याने ओळखली तो मनुष्य पेशाने शिक्षक होता. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, ज्यांना त्यांचे खेळाडू रहीमसाहेब म्हणत, 1950 पासून राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक होते. दिल्लीचे सुवर्णपदक त्यांच्या कारकीर्दीतले आणि हेलसिंकीची नामुष्कीही त्यांच्याच कारकीर्दीतली, हे विसरता कामा नये, कारण पुढे त्यांनी जे केले ते यशातून नव्हे, त्या पराभवातून शिकून केले. मुंबईच्या कूपरेज मैदानावर 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक जिंकणारा हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ त्यांनीच घडवला होता, म्हणजे मुंबईकर रसिकाला त्यांची विद्या घरबसल्या पाहायला मिळत होती. आपल्या खेळाडूंचा प्राण चेंडू पायाशी खेळवण्यात, दोघातिघांना चकवून पुढे जाण्यात आहे, आणि त्या नादात गोलजवळ चेंडू पोहोचेपर्यंत प्रतिपक्षाचा बचाव सावरून उभा राहतो, हे त्यांच्या ध्यानात आले. यावर त्यांनी व्याख्याने दिली नाहीत. त्यांनी अशा स्पर्धा भरवल्या की ज्यांत चेंडू घेऊन पळण्यास, चकवण्यास, मनाई होती. चेंडू आला की तो लगेच सोबत्याकडे द्यायचा. दुसऱ्या काही सामन्यांत खेळाडूने आपल्या कमकुवत पायानेच खेळायचे असा दंडक घातला. शाळामास्तराला शोभेलशी ही रीत होती. जी खोड तोंडी उपदेशाने जात नाही ती अभ्यासाचा नियमच तसा करून घालवायची, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

1953 च्या नोव्हेंबरात हंगेरीने वेम्बली मैदानावर इंग्लंडला 6-3 असे हरवले, तेव्हा हंगेरीचा मध्य आघाडीपटू हिदेगकुटी आघाडीवर न थांबता मागे सरकून खेळत होता आणि त्याच्यामागे ओढल्या गेलेल्या बचावपटूच्या मोकळ्या जागेतून इतर घुसत होते. त्याने स्वतः तीन गोल केले. या खेळाचे पडसाद जगभर उमटले आणि रहीमसाहेबांच्या योजनांतही त्यांची छाया दिसते. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ज्या संघाचे नेतृत्व समर बॅनर्जी यांच्याकडे होते, त्या संघाने 1 डिसेंबर रोजी यजमान ऑस्ट्रेलियाला 4-2 असे पराभूत केले, आणि त्या चारांपैकी तीन गोल मुंबईत खेळणाऱ्या, मूळच्या गोव्याच्या नेव्हिल डिसूझा यांचे होते. ऑलिंपिकमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारे ते पहिले आशियाई खेळाडू. उपांत्य सामन्यात त्याच युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्यांनीच केला, मग मात्र प्रतिपक्षाने चार गोल परतवले; कांस्यपदकासाठी बल्गेरियाशी झालेली लढत भारत 3-0 असा हरला आणि चौथा आला. चार गोलांसह डिसूझा त्या स्पर्धेतील सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या बरोबरीला बसले. चार वर्षांपूर्वी ज्या आघाडीला हेलसिंकीत जेमतेम एक गोल करता आला होता, त्याच देशाच्या आघाडीची ही कामगिरी होती. भारतीयांचे पाय, भारतीयांची उंची, भारतीयांचा आहार, यांत चार वर्षांत काही क्रांती झालेली नव्हती.

परंतु रहीमसाहेबांच्या विद्येचा कळस पाहायचा तर 1962 च्या जकार्ता येथील आशियाई स्पर्धांकडे जावे लागते. त्या स्पर्धेतील पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला 2-0 असे हरवले, म्हणजे आजच्या भाषेत सांगायचे तर गोलांचा दुष्काळ पहिल्याच दिवशी पडला. आज असा प्रसंग आला असता तर दुसऱ्या दिवशी प्रशिक्षकाच्या राजीनाम्याची मागणी झाली असती. पुढच्या चार सामन्यांत त्याच संघाने थायलंडवर चार, जपानवर दोन, दक्षिण व्हिएतनामवर तीन आणि अंतिम सामन्यात कोरियावरच दोन, असे अकरा गोल केले. बचावपटू जर्नेल सिंग यांच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले होते. त्यांना मागे ठेवणे धोक्याचे होते, आणि संघाबाहेर बसवणे रहीमसाहेबांना पटणारे नव्हते, म्हणून त्यांनी त्या बलदंड पंजाबी गड्याला थेट आघाडीवर उभे केले. उपांत्य सामन्यात त्याने गोल केला आणि 4 सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात, सतराव्या मिनिटाला प्रदीपकुमार बॅनर्जी यांनी पहिला गोल केल्यावर तीनच मिनिटांनी, दुसरा गोलही जर्नेल सिंगनेच केला. एक जखमी बचावपटू आशियाच्या अंतिम सामन्यात निर्णायक गोल करतो, ही घटना आघाडीपटूच्या उपजत गुणांविषयीच्या आपल्या सगळ्या समजुतींना छेद देणारी आहे. जर्नेल सिंग अचानक कुशल आघाडीपटू झाले नव्हते. त्यांच्या दोन्ही बाजूंना प्रदीपकुमार, चुनी गोस्वामी, तुलसीदास बलराम होते, आणि त्यांच्यामागे मधल्या फळीत प्रशांत सिन्हा आणि गोव्यात जन्मून मुंबईच्या टाटा संघाकडून खेळलेले फॉर्चुनातो फ्रँको होते. चेंडू योग्य जागी, योग्य वेळी येत होता. तिथे उभ्या राहणाऱ्याने फक्त निर्भय असायचे होते, आणि निर्भयतेत जर्नेल सिंग कोणालाच हार जाणारे नव्हते.

या वेळी रहीमसाहेबांना कर्करोगाने ग्रासले होते. 11 जून 1963 रोजी ते गेले. त्यांच्यामागे त्यांची विद्या पुढे चालवील अशी संस्था उरली नाही. त्यांचे खेळाडू होते, त्यांच्या आठवणी होत्या, पण महासंघाच्या दप्तरात रहीमांची पद्धत म्हणून काही नोंदले गेले नाही, की त्या पद्धतीने शिकवणारे शिक्षक तयार करण्याचा बंदोबस्त झाला नाही. 1964 च्या आशिया चषकात भारत उपविजेता ठरला आणि 1970 मध्ये बँकॉक येथील आशियाई स्पर्धांत कांस्यपदकाच्या लढतीत जपानला 1-0 असे हरवले, ही साठलेल्या पुंजीवर काढलेली वर्षे होती.

जपानचे नाव दोनदा आले आहे, तेव्हा इथे थांबणे आवश्यक आहे. जकार्तात 1962 साली आपण ज्या जपानला 2-0 असे हरवले, त्याच जपानने सहा वर्षांनी, 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले, आणि त्यांचे आघाडीपटू कुनिशिगे कामामोतो सात गोलांसह स्पर्धेत सर्वांच्या पुढे राहिले. जपानी माणूस काही युरोपियनांएवढा धिप्पाड नव्हता. मग हे कसे घडले? जपानच्या फुटबॉलधुरीणांनी 1960 मध्ये डेटमार क्रामर हे जर्मन प्रशिक्षक आणले, आणि त्यांच्या सल्ल्यातील जो भाग आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा होता तो असा की, खेळाडूंना वर्षभर तुल्यबळ सामने मिळतील अशी राष्ट्रीय लीग हवी आणि प्रशिक्षकांना शिकवणारे वर्ग हवेत. ती लीग 1965 साली सुरू झाली. कामामोतो आणि त्यांना बगलेवरून चेंडू पुरवणारे सुगियामा हे याच रचनेत वाढले. आपल्याकडे राष्ट्रीय लीग सुरू व्हायला 1996 साल उजाडावे लागले. मधल्या एकतीस वर्षांत आपण काय करीत होतो, तर कलकत्त्याच्या लीगमध्ये, गोव्याच्या लीगमध्ये, ड्युरँड आणि रोव्हर्सच्या चषकांसाठी, आपसांत अतिशय उत्कटतेने खेळत होतो. आणि अनेक स्पर्धांत सामन्याचा अवधी नव्वद नव्हे तर सत्तर मिनिटांचा असे. ज्याच्या अंगाला सत्तराव्या मिनिटाला विसाव्याची सवय लागली आहे, त्याच्याकडून परदेशात ऐंशीव्या मिनिटाला गोलची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. दमलेल्या पायाचा फटका उंच जातो, हे कोल्हापुरातल्या कोणत्याही तालमीतला पोरगा सांगेल.

सिंगापूरच्या शून्यावर फार रेंगाळण्याचे कारण नाही. युगोस्लाव्हियाचे मिलोव्हान चिरिच यांनी त्या संघाला पात्रता मिळवून दिली होती आणि इराणशी शून्य-शून्य अशी बरोबरी साधली होती. बचाव शिस्तीचा होता. परंतु त्याच सुमारास देशांतर्गत खेळात असा एक प्रवाह सुरू झाला होता की ज्याचे फळ पुढे चाळीस वर्षे भोगावे लागणार होते. 1980 साली मजीद बास्कर आणि जमशीद नासिरी हे इराणी खेळाडू ईस्ट बंगालकडून खेळू लागले आणि कलकत्ता त्यांच्यावर लुब्ध झाले. मग नायजेरियाचे चिमा ओकोरी आले, मोहन बागानला ब्राझीलचे बॅरेटो लाभले, गोव्यात डेम्पोकडे रँटी मार्टिन्स आणि चर्चिल ब्रदर्सकडे ओडाफा ओकोली यांनी गोलांच्या राशी घातल्या. हे सर्व गुणी खेळाडू होते आणि त्यांच्यामुळे आपल्या बचावपटूंना धडे मिळाले, ही गोष्ट कृतज्ञतेने मान्य केली पाहिजे. तरीही क्लबच्या कारभाऱ्याच्या दृष्टीने विचार केला तर काय घडले ते स्पष्ट दिसते. त्याला या हंगामात विजय हवा असतो, त्यासाठी गोल हवेत, आणि बाजारात तयार मिळणारा आघाडीपटू सोडून अठरा वर्षांच्या देशी मुलाला दोन वर्षे चुकू देण्याची त्याला मुभा नसते. पूर्वी हैदराबादच्या पोलीस संघाला अशी मुभा होती. आता अलीकडे आफ्रिकेतून आलेले आघाडीपटू तालीम संघांकडून खेळताना कोल्हापूरकरांनीही पाहिले आहेत.

2014 मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली, तेव्हा एका संघाचे सहा परदेशी खेळाडू एकाच वेळी मैदानावर उतरू शकत; पुढे ती संख्या पाचावर आणि मग चारावर आली. त्या लीगच्या पहिल्या अकरा हंगामांत सर्वाधिक गोल करण्याचा मान एकदाही भारतीय खेळाडूला मिळालेला नाही. गोव्याच्या संघाकडून स्पेनचे फेरान कोरोमिनास यांनी तो सलग दोनदा पटकावला. या आकड्याकडे बोट दाखवून लोक म्हणतात की परदेशी आघाडीपटूंनी आमच्या मुलांची जागा खाल्ली, आणि हे म्हणणे निम्मे खरे आहे. उरलेले निम्मे सत्य अधिक बोचणारे आहे. परदेशी खेळाडू आघाडीच्या मध्यावर तर आलेच, पण त्या आघाडीला चेंडू पुरवणाऱ्या मधल्या फळीतल्या सूत्रधाराच्या जागेवरही तेच आले. गोव्याचे ब्रँडन फर्नांडिस यांच्यासारखा एखादा अपवाद सोडला, तर खेळाचा ठाव घेऊन बचाव फोडणारा पास देणे हे काम बहुतेक संघांत परदेशी माणसाकडे सोपवले गेले. देशी मुलांच्या वाट्याला बगला आल्या: वेगाने पळायचे, रेषेपर्यंत जायचे आणि क्रॉस टाकायचा. खुद्द सुनील छेत्री यांनाही बंगळूरु संघात अनेकदा डाव्या बगलेवरच खेळावे लागले. म्हणून राष्ट्रीय संघ एकत्र येतो तेव्हा त्यात पळणारे पुष्कळ असतात, रोखणारे चांगले असतात, परंतु चेंडू घेऊन मान वर करून पाहणारा आणि त्या नजरेची वाट पाहत योग्य जागी सरकणारा, ही जोडी नसते. 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव आघाडीला होता. त्या संघाने तीन सामन्यांत एकच गोल केला. तो कॉर्नरवर झाला आणि मधल्या फळीतील जॅकसन सिंगने डोक्याने केला. एवढ्या कोवळ्या वयातच आघाडीची उपासमार सुरू झालेली दिसते.

या सर्व काळात एका माणसाने देशाची लाज राखली, आणि त्याच्या थोरवीने आपली दृष्टी दिपवून टाकली, हेही सांगितले पाहिजे. छेत्री यांनी 2005 मध्ये क्वेट्टा येथे पाकिस्तानविरुद्ध पहिला गोल केला. 2008 मध्ये दिल्लीत ताजिकिस्तानविरुद्ध तीन गोल करून भारताला सत्तावीस वर्षांच्या खंडानंतर, 2011 च्या आशिया चषकाचे दार उघडून दिले. 2018 मध्ये मुंबईत अंधेरीच्या मैदानावर चिनी तैपेईविरुद्ध तीन गोल केल्यावर, रिकाम्या बाकांकडे पाहून त्यांनी लोकांना मैदानावर येण्याची हात जोडून विनंती केली, आणि पुढच्या सामन्याला मुंबईकरांनी ते मैदान भरून टाकले. 6 जून 2024 रोजी कलकत्त्यात कुवेतविरुद्ध शून्य-शून्य अशा सामन्याने त्यांनी निरोप घेतला तेव्हा त्यांच्या नावावर देशासाठी 94 गोल होते. त्या वर्षी भारताने एकही सामना जिंकला नाही. नऊ महिन्यांनी, चाळिशीत पोहोचलेल्या त्याच माणसाला महासंघाने परत बोलावले आणि मालदीवविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात त्यांनी गोल केला. एखाद्या गावाची विहीर आटावी आणि गावकऱ्यांनी नवी विहीर खणण्याऐवजी जुन्याच विहिरीत आणखी लांब दोर सोडावा, तसे हे झाले. छेत्री यांना यात दोष नाही. त्यांनी बोलावल्या क्षणी येऊन सेवा केली.

प्रशिक्षकांविषयीचा वाद मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण तो सर्वांत मोठ्याने होतो आणि त्यात तथ्य सर्वांत थोडे आहे. इगोर श्तिमाच गेले, मनोलो मार्केझ आले आणि वर्षभरात गेले, 2025 च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या मैदानांवर वाढलेल्या खालिद जमील यांची नेमणूक झाली. प्रत्येकाने आपापली रचना आणली, प्रत्येकावर अतिसावधपणाचा ठपका आला. प्रशिक्षक राष्ट्रीय संघाला वर्षातून थोडेच दिवस पाहतो. उरलेले दिवस खेळाडू क्लबच्या ताब्यात असतात आणि तिथे जे शिकतात तेच घेऊन येतात. रहीमसाहेबांकडे हैदराबाद होते, जिथे ते वर्षभर खेळाडू घडवीत आणि मग देशाच्या संघात ते घडलेले खेळाडू त्यांना मिळत. ते सामर्थ्य आजच्या प्रशिक्षकाकडे नाही, आणि ते त्याला न देता त्याच्याकडून मेलबर्न-जकार्ताची मागणी करणे न्यायाचे नाही. माझे मत विचारले तर पेनल्टी चुकवणाऱ्या, क्रॉस उंच टाकणाऱ्या किंवा मोकळ्या जाळ्यासमोर घसरून पडणाऱ्या खेळाडूकडे बोट दाखवण्याआधी, तो खेळाडू सोळा ते वीस या वयात किती सामने खेळला, त्या सामन्यांत त्याला मध्यावर खेळू दिले की बगलेवर ढकलले, आणि त्याला चेंडू देणारा कोण होता, या तीन गोष्टींची चौकशी व्हावी. ही चौकशी आजवर कोणत्याही तक्रारीत अग्रभागी आलेली नाही.

14 ऑक्टोबर 2025 रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर, गोव्याच्या दर्दी प्रेक्षकांसमोर, लालियनझुआला छांगटे याने सिंगापूरविरुद्ध पहिला गोल केला. सिंगापूरने दोन गोल करून तो सामना 2-1 असा जिंकला आणि 2027 च्या आशिया चषकाची भारताची वाट बंद झाली. रात्री पुन्हा तोच वाद सुरू झाला, आघाडीपटू कुठे आहेत, म्हणून. त्या दिवसापर्यंत, व्यावसायिक करारांच्या तंट्यामुळे, देशातील सर्वोच्च लीगचा त्या हंगामातला एकही सामना खेळला गेलेला नव्हता.